ससा सुकं गवत खात नाही? या चुका टाळा

टिमोथी या सुक्या गवताचं पाकीट आणलं, मूठभर पिंजऱ्यात ठेवलं. सशाने हुंगलं आणि तो पेलेट्सच्या, म्हणजे तयार दाणेदार खाद्याच्या, वाटीपाशी जाऊन बसला. चार दिवस हेच झालं की घरात ठरतं, "आमच्याला गवत आवडतच नाही." असा निकाल घाईने लावू नका. सशाच्या खाण्यात साधारण ८० टक्के गवतच हवं, त्याचं पोट त्यासाठीच घडलेलं आहे. तो खात नसेल तर बहुतेक वेळा तोंड दुखत असतं, गवत खराब असतं किंवा पोट आधीच भरलेलं असतं. तपासायचंही याच क्रमाने.

दाढा न तपासता मागे लागणं

सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २ ते ३ मिमी. गवत दाढांखाली आडवं रगडावं लागतं आणि त्यातच दाढा झिजतात. पेलेट पटकन चुरतो, रगडणं होत नाही. मग दाढेला टोक येतं आणि ते जिभेला नाहीतर गालाला टोचतं. असा ससा काडी उचलतो, दोनदा चावतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते, कधी डोळ्यातून पाणी येतं. पुढचे दात चांगले दिसले म्हणून समाधान मानू नका. दाढा घरी दिसत नाहीत, त्या सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच बघायला हव्यात.

मिळेल ते गवत घालणं

हापूसच्या पेटीतला पेंढा सशाला घालू नका. त्यात पोषण जवळपास नसतं आणि बुरशी असू शकते. तबेल्याजवळ मिळणारी लसूण घास, म्हणजेच पाकिटातलं अल्फाल्फा, चवीला गोड आणि कॅल्शियमने भरलेली असते. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला चालते. मोठ्या सशाला रोज दिली तर लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट होऊ शकते, शिवाय टिमोथी त्याला बेचव लागू लागतं. सवय लागली असेल तर दर आठवड्याला पाव हिस्सा बदलत महिन्याभरात टिमोथीवर आणा.

मुंबईत खरा घोळ जून ते सप्टेंबरचा. पाकीट उघडं राहिलं की गवत दमट होतं, कुबट वास येतो आणि ससा तोंड फिरवतो. तो बरोबरच असतो. बुरशी आलेलं गवत उन्हात टाकूनही वापरू नका, फेकून द्या. पावसाळ्यात अर्धा-एक किलोच आणा. सुती उशीच्या अभ्र्यात भरून ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब, उंचावर टांगा. देण्याआधी झटका, धुळीने ससा शिंकतो.

टिमोथीला अजिबात तोंड लावत नसेल तर दूर्वांपासून सुरुवात करा. दादरच्या फुलबाजारात जुड्या मिळतात. दोन-तीन पाण्यांतून धुऊन निथळा, पहिल्या दिवशी चार-पाच काड्याच द्या आणि आठवड्याभरात वाढवा. मग त्यांत टिमोथी मिसळत जा. सोसायटीच्या बागेतलं गवत नको, त्यावर फवारणी झालेली असते आणि कुत्रीही फिरतात.

वाटी भरलेली ठेवणं

सगळ्यात जास्त घरांत चूक इथेच होते. मोठ्या सशाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम पेलेट्स पुरतात, म्हणजे दीड किलोच्या सशाला ३५ ग्रॅमच्या आसपास. आज ६० ग्रॅम देत असाल तर दर चार दिवसांनी ५ ग्रॅम कमी करा, तीन आठवड्यांत जमतं. एकदम बंद करून "भूक लागली की खाईल" म्हणणं मात्र जिवावर बेतू शकतं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ५०-६० ग्रॅमच्या वर घटलं तर कपात थांबवा. पोळी, बिस्किटं आणि रोजचं गाजर मात्र आजच बंद.

फरक लेंडीत दिसतो. एक वाळलेली लेंडी बोटांनी फोडा. फिकट तपकिरी, आत गवताचा भुसा दिसला तर ठीक चाललंय. लहान, काळपट, चिवट असेल तर गवत कमी पडतंय.

चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी ठेवणं

ससा शी करता करता खातो. म्हणून गवत लिटर ट्रेच्या (शी-शूच्या ट्रेच्या) एका टोकाला, तोंड सहज पोहोचेल असं ठेवा. ढीग त्याच्या अंगाएवढा हवा. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी तो खाणार नाही. ताजं गवत पहाटे आणि दिवेलागणीला घाला, पेलेट्स त्यानंतर तासाभराने. पाणी जड वाटीत ठेवा, बाटलीपेक्षा जास्त पितो.

१० ते १२ तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर गवताचे प्रयोग थांबवून लगेच दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. घरातलं अमॉक्सिसिलिनचं सिरप तर चुकूनही पाजू नका, तोंडावाटे दिलेल्या या औषधाने ससे दगावतात. सशांवर उपचार करणारे डॉक्टर रात्री कुठे भेटतील, याची चौकशी आजच फोन करून ठेवा.