आधी पाणी वरच अडवा: ओपनकास्ट खाणीतली पावसाळ्याची तयारी

वर्धा खोऱ्यातल्या ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या खणलेल्या कोळसा खाणींवर मी सर्व्हेअर म्हणून नोकरी केली. मृग जवळ आला की नवीन रुजू झालेली मुलं विचारतात, ‘सर, अजून एक पंप मागवू का?’ मागवा. पण त्याआधी एक हिशेब करा.

एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. खड्ड्याकडे उतरणारं क्षेत्र २०० हेक्टर धरा आणि त्यातलं निम्मंच पाणी वाहून आलं असं समजा, तरी एका रात्रीत एक लाख घनमीटर सम्पात, म्हणजे खाणीच्या तळाशी पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यात, जमतं. तासाला ४०० घनमीटर काढणारा पंप दिवसाचे वीस तास चालला तर ८,००० निघतील. म्हणजे बारा-तेरा दिवस कोळसा बुडालेला, आणि तोवर पुन्हा पाऊस.

म्हणून पहिला खर्च गारलँड ड्रेनवर, म्हणजे बाहेरचं पाणी अडवायला खाणीभोवती खणलेल्या चारीवर. मे महिन्यातच ती स्वतः पायी फिरून बघा, जीपमधून नको. हॉल रोडखालचे (डंपरच्या रस्त्याखालचे) पाइप गाळाने बुजलेले असतात आणि ते वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. शेतातून येणारं स्वच्छ पाणी थेट नाल्याला लावा. ओबी डंपचं, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाचं, गढूळ पाणी वेगळ्या चारीने सेटलिंग पॉन्डकडे (गाळ खाली बसू देणाऱ्या तळ्याकडे) न्या, डंपच्या पायथ्याशी टो वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, ठेवा. दोन्ही पाणी एका चारीत घातलं की सगळंच गढूळ, आणि पॉन्ड पहिल्या जोराच्या सरीत भरतो. वर्कशॉपचं धुण्याचं पाणी तर या दोन्हींत नकोच, त्याला तेल वेगळं काढणारी टाकी हवी.

नदी-नाला जवळ असेल तर महत्तम पूरपातळी (आजवरचा सगळ्यात मोठा पूर जिथवर चढला ती उंची) नकाशावरच नाही, जागेवर खांबावर रंगवून ठेवा. नियमाप्रमाणे खाणीच्या तोंडाचा सगळ्यात खालचा भाग त्या पातळीपेक्षा किमान १.५ मीटर उंच हवा. १९९५ च्या सप्टेंबरात धनबादकडच्या गजलीटांड खाणीत कतरी नदीचं पाणी शिरलं आणि ६४ कामगार गेले. शेजारी जुनी भूमिगत खाण असेल तर ती पाण्याने भरलेलीच आहे असं धरून चाला.

आता पाणी अडवणारा बांध. आपल्याकडे काळी माती मुबलक, म्हणून सगळा बांध तिचाच करायचा मोह होतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळी माती पोटात ठेवा आणि वरून मुरूम चढवा. पाया खणून खालची भुसभुशीत माती काढा, मग वीतभर थर टाकून प्रत्येक थर ओलसर असतानाच रोलरने दाबा. डंपरने ओबी ओतून वर डोझर फिरवला म्हणजे बांध होत नाही, ढीग होतो. पाणी भरल्यावरही वर मीटरभर उंची मोकळी राहिली पाहिजे. सांडवा भरावातून काढू नका, बाजूच्या पक्क्या जमिनीतून काढा. बांधावर उगवलेली बेशरम आणि बाभूळ लहान असतानाच उपटा, कारण मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते.

पावसात रोज बांधाच्या बाहेरच्या पायथ्याने चाला. थोडं नितळ पाणी झिरपत असेल तर खूण करून रोज मोजा. तेच पाणी गढूळ झालं तर आतली माती वाहून चालली आहे. बाहेरून चिखल थापून ते बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी खालच्या बाजूची माणसं आणि मशीन हलवा, सांडव्याने आणि पंपाने पातळी उतरवा, झिरप्यावर आधी वाळू, मग गिट्टी टाका. पाणी येऊ द्या, माती येऊ देऊ नका.

सोडायच्या पाण्यात तरंगते कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, तेल-ग्रीस १० च्या आत आणि पीएच ५.५ ते ९ हवा. पाणी नितळ आहे पण दगडांवर तांबूस थर चढतोय, तर पीएच आधी तपासा. पायराइटवरून (कोळशातल्या गंधकाच्या खनिजावरून) आलेलं आम्लाचं पाणी बरेचदा दिसायला स्वच्छच असतं.

भूजलाचं काम बहुतेकांना कागदी वाटतं, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खाणीच्या उपशाने आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते, आणि शेतकरी दारात येऊन म्हणतो, ‘साहेब, विहिरीले पाणी न्हाई जी.’ तेव्हा तुमच्याकडे खाण सुरू व्हायच्या आधीपासूनचे आकडे असले पाहिजेत. जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी मोजणी ठेवा. विहिरीच्या काठावर रंगाने एक ठिपका करा, दरवेळी तिथूनच मोजा. टेपच्या खालच्या टोकाला खडू चोळा, टेप पाण्यात उतरवून पूर्ण मीटरची रेघ ठिपक्यावर धरा. वर काढल्यावर खडू जिथवर भिजला तेवढी लांबी वजा करा, मग कठड्याची उंचीही, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. सकाळी, मोटर लागायच्या आत जा. आदल्या दिवशी मोटर किती वेळ चालली ते शेतकऱ्यालाच विचारा आणि आकड्याशेजारी लिहा, नाहीतर त्याच्या उपशाने उतरलेलं पाणी तुमच्या खात्यावर चढेल किंवा तुमचं त्याच्या. पिझोमीटरला (भूजलपातळी मोजायच्या बोअरला) झाकण आणि कुलूप हवंच; पोरं त्यात दगड टाकतात.

कोळशाच्या वरचा कामठी वालुकाश्म (वाळूचा खडक) पाणी झिरपू देतो, त्यामुळे गढूळ पाण्याच्या पॉन्डच्या तळाला दाबलेल्या काळ्या मातीचा थर द्या. तो ओला राहिला तरच भेगा पडत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात पॉन्ड पूर्ण कोरडा करू नका. आणि पूर्वेक्षणाची, म्हणजे खाणीआधी कोळसा शोधायला पाडलेली, जुनी बोअरहोलं शोधा. उघडं राहिलेलं एक भोक गढूळ पाणी थेट खालच्या थरात नेतं. तळापासून वरपर्यंत सिमेंट ग्राउट (पातळ सिमेंट) भरा, प्लॅनवर तारीख टाका, पुढच्या सर्व्हेअरला सापडेल अशी खूण जागेवर ठेवा.