आधी वही, मग पैसे

मी सांगलीत दहावीच्या शिकवण्या घेते. चॅटजीपीटीसाठी पैसे भरायचे का, हे ठरवायला पंधरा दिवस वही ठेवली: फुकट वापराची मर्यादा कधी संपली आणि तेव्हा नेमकं काय अडलं. तुम्हीही हेच करा.

रोजचे प्रश्न, पालकांना निरोप, सरावाची गणितं, यांत काहीच अडलं नाही. अडलं ते दोन्ही रविवारी रात्री. उत्तरपत्रिकांचे फोटो एकामागून एक टाकत गेले आणि तिसऱ्या-चौथ्या फोटोलाच थांबावं लागलं. (मुलांच्या नावाची पट्टी दुमडूनच फोटो काढते, हे कृपा करून विसरू नका.)

मग सर्वांत स्वस्त प्लॅनपासून सुरुवात केली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये 'गो' ३९९ रुपयांना आला, तेव्हा 'प्लस' १,९९९ला होता. पैसे एकाच महिन्याचे भरा. पैसे भरताना यूपीआय ऑटोपे लागू होतं, म्हणजे पुढचे हप्ते आपोआप कापले जातात, म्हणून पुढच्या हप्त्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. मे महिन्यात शिकवणी बंद, तेव्हा मी प्लॅनही बंद करते.

पैसे भरले तरी उत्तरं चुकतात. सनावळ्या मी आजही पाठ्यपुस्तक उघडूनच तपासते.