ज्वारीतला टारफुला: फुलावर येण्याआधी उपटा

खरीप ज्वारी गुडघ्याच्या वर गेली, जमिनीत ओल आहे, तरी शेताच्या ठरावीक पट्ट्यातली ताटे दुपारी पाने गुंडाळून उभी असतील तर पावसाचा ताण म्हणून सोडून देऊ नका. बुडाशी बसून पाहा. अरुंद, खरखरीत पानांची वीतभर हिरवी रोपे म्हणजे टारफुला, ज्वारीच्या मुळांवर जगणारे परजीवी तण. माती अलगद उकरली की त्याचे पांढरे खोड ज्वारीच्या मुळाला चिकटलेले दिसते.

वर दिसण्याआधी तीन-चार आठवडे तो जमिनीखालूनच ताटाचे अन्नपाणी ओढत असतो. त्यामुळे आता उपटून यंदाचे नुकसान पूर्ण भरून निघणार नाही. तरीही उपटायचाच, कारण एक झाड धुळीसारखे बारीक हजारो बी टाकते आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ जमिनीत टिकते. खोड तुटले की पुन्हा फुटते, म्हणून दर आठवड्याला फेरी मारा. पांढरी फुले किंवा बोंडे धरलेली झाडे बांधावर, उकिरड्यात किंवा जनावरांपुढे टाकू नका; पोत्यात भरून शेताबाहेर न्या आणि जाळा.

मजूर मिळत नसेल तर २,४-डी सोडियम क्षार ८० टक्के हे तणनाशक, एकरी ५०० ग्रॅम २०० लिटर पाण्यातून, फुलापूर्वी फक्त टारफुल्यावर फवारा. ज्वारी पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना नको. तूर, सोयाबीनचे आंतरपीक किंवा शेजारी कापूस, द्राक्ष, भाजीपाला असेल तर हे औषध हातीच धरू नका. वाऱ्याने उडालेला तुषारही पीक वाकडे करतो.

नत्र-स्फुरद कमी असलेल्या हलक्या जमिनीत ज्वारीची मुळे टारफुल्याला जागवणारे द्रव्य जास्त सोडतात. हेक्टरी ८० किलो नत्राच्या हिशेबाने एकरी सुमारे ३५ किलो युरिया पेरणीला आणि तेवढाच ३० दिवसांनी, ओलीवर द्या. दुसरा हप्ता चुकवणे इथे फार महागात पडते.

कणसे खुडल्यावर धसकटे जिवंत असतील तर टारफुला त्यांच्यावर फुलत राहतो. ती लगेच उपटा.

पुढच्या हंगामात त्या पट्ट्यात ज्वारी, बाजरी, मका, ऊस नको. कापूस, सूर्यफूल, तीळ, भुईमूग किंवा सोयाबीन घ्या. यांच्या मुळांजवळ टारफुल्याचे बी रुजते, पण त्या मुळांवर जगता न आल्याने मरते. एका हंगामात साठा संपत नाही. सलग दोन-तीन वर्षे फेरपालट ठेवा. चारा हवाच असेल तर ज्वारी दाट पेरा, टारफुला फुलण्याआधी, ४० दिवसांच्या आत कापा आणि त्याच आठवड्यात नांगर घाला.