पत्र्याच्या घरात आठवा महिना: उन्हाळ्यात मुदतीआधीची प्रसूती टाळायला काय करावं

कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो. सपाट प्रदेशात ४० अंश गाठल्याशिवाय हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. म्हणून लाट जाहीर झाली नाही, म्हणजे घरातली गरोदर बाई सुरक्षित आहे, असं धरून चालू नका. पत्र्याखालची खोली दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही तापते, आणि वळीव पडून गेल्यावर हवा इतकी दमट होते की घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती ती मुदतपूर्व. २७ देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तापमान १ अंशाने वाढलं की मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, लाटेच्या दिवसांत सुमारे १६ टक्क्यांनी. म्हणजे जिथे १००० पैकी १०० बाळं लवकर येतात, तिथे एका अंशाला साधारण १०५. घाबरून जाण्यासारखा आकडा नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. तापलेलं शरीर रक्त कातडीकडे वळवतं, त्यामुळे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेकडे कमी जातं. शिवाय अंगातलं पाणी कमी झालं की गर्भाशय आकुंचन पावू लागतं.

आधी खोली

गरोदर बाई झोपते त्याच खोलीत भिंतीवर तापमापक लावा आणि दुपारी ३ ला व रात्री १० ला बघा. रात्रीचा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण रात्री अंग निवलं नाही तर दुसऱ्या दिवसाचा ताण त्यावरच चढतो. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी ९ ला बंद करून जाड पडदा ओढा, अंधार पडल्यावर सगळ्या उघडा. पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग द्या. ते जमत नसेल तर उसाचं पाचट पसरून वरून दोरीनं घट्ट बांधा, नाहीतर वळिवाचा पहिलाच वारा ते उडवून नेईल. चुलीच्या धुराड्याजवळ आणि विजेच्या तारांखाली मात्र पाचट टाकू नका, ते लगेच पेटतं.

खोली ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. मान, हात, पाय ओल्या फडक्यानं पुसून मग पंखा लावा. ओले पडदे आणि कूलर कोरड्या हवेतच कामाचे. वळिवानंतर त्यांनी घुसमट वाढते. कूलर लावलाच तर समोरची खिडकी उघडी ठेवा.

पाणी

दिवसाला साधारण १० ते १२ पेले, थोडं थोडं करून. तहान लागायची वाट बघू नका. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. ताक, कोकम सरबत चालेल, चहा पाण्यात मोजू नका. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं तर ते फार खारट होतं आणि फायद्याऐवजी अपाय करतं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

इथे दोन चुका हमखास होतात. पायाला सूज आली म्हणून घरातली मोठी माणसं पाणी कमी करायला सांगतात. त्यानं सूज उतरत नाही. चेहरा-हात सुजले, डोकं दुखू लागलं, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासा. दुसरी चूक, शेतात किंवा कारखान्यात संडासाची सोय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि तो स्वतःच मुदतीआधीच्या कळांचं कारण ठरतो.

दिवसाची आखणी

भाकऱ्या सकाळी ९ च्या आत उरका. ११ ते ४ शेत, भट्टी, यंत्रमागाची शेड आणि गुऱ्हाळ टाळा. दर महिन्याच्या ९ तारखेच्या, सरकारच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातल्या तपासणीला पहिल्या रांगेत जा, सोबत पाणी न्या. डोहाळजेवण संध्याकाळी ठेवा, जरीच्या साडीऐवजी सुती साडी नेसवा. माहेरी जायचं तर पहाटेची एसटी.

कळा आल्या तर

पोट दगडासारखं घट्ट होतंय? घड्याळ लावा, दोन पेले पाणी पाजा, डाव्या कुशीवर झोपवा. खोट्या कळा तासाभरात विरतात. ३७ आठवड्यांच्या आत तासाला ४ किंवा जास्त कळा येत राहिल्या, तर निघा. अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल दोन तासांत १० पेक्षा कमी भरली, तर तासभरही थांबू नका. उष्णतेचा परिणाम पुढचे काही दिवसही दिसतो, म्हणून एखादा दिवस गार गेला तरी लक्ष सोडू नका.

लवकर पोचण्याला कारण आहे. ३४ आठवड्यांच्या आत बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, आणि त्यांचा पुरा गुण यायला सुमारे एक दिवस लागतो. १०२ किंवा १०८ ला फोन करा, आणि शक्य असेल तर नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्याच दवाखान्यात न्या. तपासणीची फाइल, दोन सुती साड्या, पाण्याची बाटली आणि आशाताईंचा नंबर लिहिलेला कागद सातव्या महिन्यापासूनच एका पिशवीत भरून दाराशी ठेवा.