भर पावसात बेडकांचा आवाज कसा रेकॉर्ड करावा

वन्यजीव माहितीपटात बेडूक ओरडताना दिसतो, तेव्हा ऐकू येणारा आवाज बहुधा कॅमेऱ्यातून आलेला नसतो, कारण लेन्स लांबचे चित्र जवळ आणते, आवाज आणत नाही. तो वेगळा आणि अनेकदा वेगळ्या रात्री टिपावा लागतो. २००९ साली ज्याचे शास्त्रीय वर्णन झाले तो आंबोली टोड हा बेडूक पावसाच्या सुरुवातीला जांभ्याच्या सड्यावरील, म्हणजे उघड्या सपाट कातळावरील, उथळ डबक्यांत जमतो. तेथे काम कसे करावे, तेवढेच येथे सांगतो.

वन खात्याची परवानगी, जळवांचा बंदोबस्त आणि सुक्या बॅटऱ्या गृहीत धरतो. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवावा आणि सर्वांत मोठा आवाज त्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे.

खरी परीक्षा पावसाची असते. पहिल्या वर्षी मी कोणाच्या तरी सल्ल्यावरून मायक्रोफोनवर छत्री धरली आणि चार तासांच्या रेकॉर्डिंगमधून कढईत पापड तळल्याचा आवाज घरी आणला. छत्री, ताडपत्री, प्लास्टिकची पिशवी, ताणलेल्या कोणत्याही कापडावर थेंब ताशासारखा वाजतो. ‘नंतर सॉफ्टवेअरने काढून टाकू’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये: पावसाचा आवाज खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, त्यामुळे तो खरवडताना बेडूकही खरवडला जातो.

थेंब अडवायचा नसतो, मोडायचा असतो. गादीत घालतात तसल्या रबर लावलेल्या काथ्याचा दोन इंच जाडीचा तुकडा घ्यावा आणि मायक्रोफोनच्या केसाळ आवरणाच्या वीतभर वर, चार काड्यांवर, थोडा तिरपा बसवावा. तंतूंत शिरलेला थेंब तिथेच फुटतो आणि पाणी उतरत्या कडेने बाजूला गळते. तुकडा सपाट ठेवला, तर अर्ध्या तासात तो भिजून नेमका मधोमध ठिबकू लागतो. ही चूक मी दोन रात्री केली. खालच्या कातळावरही काथ्याचे तुकडे पसरावेत, नाहीतर शेजारी उडणारे पाणी वरच्या पावसापेक्षा जास्त त्रास देते. मात्र हे तुकडे डबक्यात पडू देऊ नयेत आणि स्वतःचा पायही तिथे घालू नये, कारण बोटभर खोल पाण्यातही अंडी असतात.

त्यानंतर वीस मीटरची केबल सोडून दूर बसावे, दिवा मालवावा आणि निदान पंधरा मिनिटे हलू नये. बेडूक गप्प राहिले म्हणून मोबाइलवर त्यांचाच आवाज वाजवून त्यांना चिथावण्याचा प्रकार मला अजिबात मान्य नाही. विणीच्या मोजक्या रात्रींतला त्यांचा वेळ आपण वाया घालवतो.

उठण्यापूर्वी बेडूक नसलेल्या कोपऱ्यातला नुसता पाऊस दोन मिनिटे घ्यावा, संकलकाला सांधे झाकायला तो लागतो. ठिकाण, वेळ आणि पाण्याचे तापमान रेकॉर्डिंगच्या शेवटी बोलावे. सुरुवातीला बोललात, तर पुन्हा पंधरा मिनिटे बसावे लागेल.