गालिचा आधी उलटा करा

महिन्यातून दोन-तीनदा तरी व्हॉट्सॲपवर गालिच्याचा फोटो येतो. दिवाणखान्यात अंथरलेला, एका कोपऱ्यात यजमानांचे पाय, आणि खाली प्रश्न: "काका, हा पर्शियनच आहे ना? किती जुना असेल?" माझं उत्तर ठरलेलं. एक कोपरा उलटा करा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा आणि पुन्हा फोटो पाठवा.

मी काही विणकर नाही. दुबईत देरा भागातल्या एका इराणी व्यापाऱ्याकडे एकोणीस वर्षं हिशेब लिहिले. आमचे मालक, त्यांना सगळे हाजी आगा म्हणायचे, गोदामात माल उतरला की नक्षीकडे बघतसुद्धा नसत. गठ्ठ्यातला कोपरा मुडपायचा, पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि इराणातलं गाव नाहीतर टोळी सांगायची. "हमदान." "बिजार." "हा बलुच, बाजूला ठेव." सुरुवातीला मला ती जादू वाटायची. पुढे कळलं की बघायच्या गोष्टी मोजक्याच आहेत.

पहिली गोष्ट, हाताने गाठी मारलेल्या आहेत का. तशा असतील तर पाठीवरही नक्षी जवळजवळ समोरच्याइतकीच स्पष्ट दिसते. पाठीला कापडाचं अस्तर चिकटवलेलं असेल तर तो बहुधा टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता लोकर कापडात टोचून चिकटवलेला, तिथेच थांबा. मग दशा बघा. शालीच्या दशा म्हणजे ताण्याचीच, उभ्या दोऱ्यांचीच, मोकळी टोकं, तसंच इथेही हवं. दशा वेगळ्या शिवलेल्या दिसल्या तर माल यंत्रावरचा असू शकतो. पण जुन्या गालिच्याच्या झिजलेल्या दशांवरही कुणीतरी नवी पट्टी शिवलेली असते, तेव्हा लगेच नाक मुरडू नका.

आता लव, म्हणजे वर उभी असलेली लोकर, दोन बोटांनी फाकवा आणि मुळाशी गाठ शोधा. लोकर शेजारच्या दोन्ही ताण्यांना गुंडाळून, दोन्ही टोकं मधून एकत्र बाहेर आली असतील तर ती तुर्की गाठ. एका ताण्याला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याच्या नुसती खालून गेलेली, ती फारसी. तब्रीझ, हेरीझ, हमदान आणि कुर्दी गावांत तुर्की. कशान, इस्फहान, नाईन, कूम, केरमानमध्ये फारसी. गंमत अशी की फारसी गाठीला युरोपातल्या लोकांनी 'सेन्ने' हे नाव दिलं, आणि खुद्द सेन्ने गावात, म्हणजे आजच्या सनंदजमध्ये, बहुतेक तुर्की गाठच मारतात. कश्काई टोळीचे लोक दोन्ही मारतात, त्यामुळे नुसत्या गाठीवरून टोळी ओळखू पाहणारा तिथे तोंडावर आपटतो.

गाठी मोजताना सगळेच एकदा तरी फसतात. पाठीवर पट्टी ठेवून एक सेंटिमीटरमधले दाणे, म्हणजे गाठींचे उंचवटे, आडवे आणि उभे मोजायचे. पाच गुणिले पाच आले तर चौरस मीटरला अडीच लाख गाठी. पण हमदानसारख्या सपाट विणीत एका गाठीचे दोन दाणे शेजारी-शेजारी दिसतात. कशानमध्ये एक ताणा दुसऱ्याच्या मागे दडलेला असतो, म्हणून एकच. एकाच रंगाचे दाणे आडव्या ओळीत नेहमी जोडीनेच येत असतील तर ती जोडी म्हणजे एक गाठ. हे कळेपर्यंत मी हमदानच्या गाठी बिनदिक्कत दुप्पट लिहीत होतो, आणि हाजी आगा वहीत बघून नुसते हसायचे.

गाव कळतं ते मात्र बाण्यावरून, म्हणजे आडव्या दोऱ्यावरून. हमदानला गाठींच्या दोन ओळींमध्ये बाणा एकदाच फिरतो, त्यामुळे पाठीवर ताण्याचे पांढरे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आडून-आडून डोकावतात. एकदा बघितलं की विसरत नाही. बिजारमध्ये जाड बाणा ओला करून जड फणीने ठोकून बसवतात. असा गालिचा हाताला पाटीसारखा लागतो आणि घडी घालायला गेलात तर ताणे तुटू शकतात. जुन्या कशानच्या पाठीवर पुष्कळदा निळा बाणा दिसेल. नाईनचा भाव ताण्याच्या पदरांवर ठरतो: नऊपदरी, सहापदरी, चारपदरी. जितके पदर कमी, तितकं काम बारीक.

टोळ्यांच्या गालिच्यात ताणासुद्धा बहुधा लोकरीचाच असतो. शहरात तो सुताचा, क्वचित रेशमाचा. शिराझच्या आसपासचे कश्काई जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा माग लावतात. मुक्काम हलला की अर्धवट गालिच्यासकट माग गुंडाळायचा, पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणायचा. ताण बदलतो, म्हणून एक टोक रुंद आणि दुसरं चार बोटं अरुंद निघतं. हा वाकडेपणा मला तरी दोष वाटत नाही. फार्स (शिराझचा प्रांत) आणि कशानची ही विणकला २०१० साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

नक्षी मी मुद्दाम उशिरा घेतो, कारण ती कुणीही उचलतो. तरी थोडं. फारसीत ज्याला बोतेह म्हणतात ती आपली कोयरीच. खमसेह टोळ्यांच्या गालिच्यात चौकोनी कोंबड्या दाटीवाटीने बसलेल्या असतात, त्या नक्षीचं नाव मुर्गी. बख्तियारींचे बागेसारखे चौकोन, तुर्कमेनांच्या लाल जमिनीवर रांगेत 'गुल' नावाच्या अष्टकोनी आकृत्या, बलुचांचे काळसर लाल आणि उंटाच्या रंगाचे छोटे नमाजी गालिचे.

रंगांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे माझे स्वतःचे पैसे बुडाले. एकाच निळ्यात मध्येच आडवा फिकट पट्टा दिसला तर त्याला अब्रश म्हणतात. रंगवलेली लोकर संपली, दुसरी खेप वेगळी उतरली, इतकंच. टोळ्यांच्या मालात मला तो आवडतो. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल आणि निळीचा निळा हळूहळू, सारखे उतरतात. गडद तपकिरीत लोहाचा वापर असेल तर ती लोकर आधी झिजते, आणि डोळे मिटून हात फिरवला तरी तेवढ्या रेषा खोलगट लागतात.

मुंबईत परतल्यावर मी एका दुकानातून बलुच घेतला. कोपऱ्यात विणलेलं साल होतं १२४२. हिजरी सालावरून इसवी सन काढायला सोपा हिशेब: तीन टक्के वजा करा, ६२२ मिळवा. म्हणजे साधारण १८२६. मी खूश! घरी आणून खिडकीत नेला, लव फाकवली, तर एक जांभळा रंग वर राखेसारखा आणि मुळाशी भडक. असा उडणारा जांभळा म्हणजे कृत्रिम रंग, आणि पहिला कृत्रिम रंग पर्किन नावाच्या रसायनतज्ज्ञाने लंडनमध्ये काढला तो १८५६ साली. मग पाठीकडून भिंग लावलं. सालातल्या दुसऱ्या आकड्याभोवतीच्या चार-सहा गाठी नव्या लोकरीच्या होत्या. फारसी ३ च्या डोक्यावर दोन खाचा असतात, २ ला एक. एक दात उपटला की ३ चा २ होतो. मूळ साल १३४२, म्हणजे १९२३-२४. शंभर वर्षं जादा मोजून मी पैसे दिले होते. हिशेबनीस असून.

तेव्हापासून साल सगळ्यात शेवटी वाचतो. आधी मुळाशी रंग, मग ओला पांढरा रुमाल लाल भागावर चोळून बघणं. रुमाल लाल झाला तर धुताना रंग पसरणार हे धरून चाला.

आपल्याकडच्या दमट हवेसाठी एक चाचणी हवीच. सुती ताणा वर्षानुवर्षं ओल धरून कुजतो, वरून काही दिसत नाही. गालिच्याचा थोडा भाग दोन्ही हातांत धरून हळूच वाकवा आणि कान द्या. वाळक्या पानासारखा चर्र आवाज आला तर परत ठेवून द्या, कितीही सुंदर असो. मुंबईतल्या जुन्या घरांतून, विशेषतः कुंडीखालून निघालेल्या गालिच्यांत हा आवाज मी बऱ्याचदा ऐकलाय.

दुसरी शत्रू कसर. ती उजेडात येत नाही, कपाटाखाली, सोफ्याखाली दडून लोकर खाते. डांबराच्या गोळ्या टाकून निश्चिंत होऊ नका. पावसाळा संपला की गालिचा उचला, पाठ कडक उन्हात दोन-तीन तास ठेवा, ब्रशने झाडा, पुन्हा अंथरताना टोकं फिरवा. ठेवायचाच झाला तर घडी नको, सुती चादरीत गुंडाळा. प्लॅस्टिक अजिबात नको. माझा तो १३४२ चा बलुच असाच गुंडाळून माळ्यावर होता. परवा उघडला, तर कसर लागली होती ती नेमकी त्या चार-सहा नव्या गाठींनाच.