कोर्ट फी माफीचा अर्ज करताना

फी परवडत नसेल तर माफीचा अर्ज दाव्याच्या कागदांसोबतच द्या. एकदा भरलेली फी परत मिळवणं सहसा जिकिरीचं असतं. उत्पन्न खरोखर कमी असूनही अर्ज अनेकदा अडतो, कारण आकडे जुळत नाहीत. बँकेच्या खात्यात उसने पैसे जमा झाले असतील तर ते उसने आहेत, हे तिथल्या तिथे लिहा. नाहीतर ती कमाईच वाटते. भाडं, औषधं, हप्ते, अवलंबून असलेली माणसं, सगळं मांडा. लाज कसली! रकाना कोरा सोडू नका, ‘शून्य’ लिहा. पूर्ण माफी नाकारली तर हप्त्यांची सोय विचारा. वकिलाची फी मात्र यात येत नाही. आणि अर्ज प्रलंबित आहे म्हणून दाव्याची मुदत थांबेल, असं गृहीत धरू नका.